विरजणाची आई

आमच्या घरचं विरजण दुसऱ्या एका बाईच्या घरात लागतंय, हे मला कुणा शेजारणीनं सांगितलं नाही. माझ्याच कंप्युटरनं सांगितलं, आणि तेही भर ऑफिसात, चहाचा कप हातात असताना.

हसलात ना? हसा. दह्यावरून संसारात आग लागते हे मलाही कुणी आधी सांगितलं असतं तर मीही हसलेच असते.

मी नीलांबरी धायगुडे. साताऱ्यात 'अदमुरं' नावाच्या कंपनीत डेटाबेसचं काम बघते. अदमुरं म्हणजे अर्धवट लागलेलं दही. कंपनीला असलं नाव कुणी ठेवतं का? पण आमच्या कवठेकर मॅडमना कोण सांगणार! त्या जीवाणूंच्या शास्त्रज्ञ, कंपनी त्यांचीच, आणि दही म्हणजे त्यांचा देव.

पोटसाथ तुम्हाला आठवत असेलच. कुठल्याच औषधाला दाद न देणारा एक जंतू आतड्यात ठाण मांडून बसायचा आणि धडधाकट माणसाची पार काडी करून टाकायचा. त्या साथीत डॉक्टरांच्या एक गोष्ट ध्यानात आली, की काही घरांत आजार शिरलाच नाही. त्या घरांच्या दह्यात एक असा जीवाणू निघाला, जो त्या जंतूला आतड्यात बूड टेकायलाच जागा देत नव्हता. बाजारातल्या दह्यात तो नव्हता. घरच्या दह्यातही सरसकट नव्हता. मग हा गुण पहिल्यांदा उपजला कुठल्या घरात, ते हुडकायचं काम निघालं, आणि ते आमच्या कंपनीला मिळालं.

हुडकायचं कसं, तर विरजणाच्या मागावर जाऊन. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात. आपलं विरजण नासलं तर शेजारणीकडून आणायचं, आणि तिनं ते कधीतरी माहेराहून आणलेलं. म्हणजे प्रत्येक विरजणाला कुठंतरी एक आई असतेच. आता दह्यातले जीवाणू एकाचे दोन, दोनाचे चार होताना स्वतःची नक्कल करतात, आणि नक्कल करताना कधीमधी एखादं अक्षर चुकवतात. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. दोन घरांच्या दह्यातल्या चुका शेजारी शेजारी ठेवल्या की कळतं, ही विरजणं सख्खी की चुलत. त्यासाठी घरोघरी झाकणं वाटली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला एक चकती, तिची सुई दह्यात बुडते, अक्षरं वाचते आणि आमच्याकडं पाठवते.

आलेलं सगळं नीट मांडून ठेवायचं काम माझं. मांडणी अर्थातच झाडाची. सोपी रीत म्हणजे प्रत्येक घराच्या ओळीत 'आई' नावाचा एक रकाना ठेवायचा आणि त्यात आईचा नंबर लिहायचा. लिहायला सुटसुटीत, पण 'हिच्या लेकी, नाती, पणत्या सगळ्या दाखव' म्हटलं की बिचारा कंप्युटर दारोदार विचारत फिरतो. म्हणून आम्ही प्रत्येक ओळीत मुळापासूनचा अख्खा पत्ताही लिहून ठेवत होतो, अमकीची लेक, तिची लेक आणि तिची ही. मग सगळं खानदान एका झटक्यात सापडतं. शिवाय एक पहारेकरी बसवला होता. कुठलीही ओळ स्वतःचीच आजी होता कामा नये. झाडाच्या फांदीवरून वर गेलेला माणूस खाली मुळात निघत नाही, तसंच हे. कुणी तसं काही लिहायला गेलं की फ्रेमवर्क, म्हणजे आमच्या प्रोग्रॅमचा तयार सांगाडा, लाल अक्षरांत ओरडायचं, 'चक्र होत आहे', आणि हटून बसायचं.

त्या दिवशी मी नवीन पान तपासत होते. तपासायला आपलंच घर बरं, म्हणून आमच्या घराचा नंबर टाकला. खाली एकच लेक आली. फलटणची. दोघींतलं अंतर जवळजवळ नाहीच.

अंतर नाही म्हणजे देवाणघेवाण अगदी ताजी. फलटणला आमचं कुणी नाही. आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात) विरजण देताना हात आखडतो. शेजारणीला देतील चमचाभर, पण तिन्हीसांज झाली की घरातली लक्ष्मी बाहेर जाते म्हणून तेवढंही नाही. मग आमचं विरजण फलटणपर्यंत नेलं कुणी?

आणि दर गुरुवारी फलटणला जातं कोण? माझा नवरा.

संग्राम डेअऱ्यांमधले दूध गार ठेवायचे कूलर दुरुस्त करतो. गुरुवार फलटणचा, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. पाणी कुठंतरी मुरतंय, हे मला तिथंच कळलं. झाडात नुसते नंबर असतात. नावांचं टेबल वेगळं आणि कुलूपबंद. कुणाच्या घरचं दही कुणाकडून आलं हे उघड झालं तर गावात काय काय उघडं पडेल, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं. पण कुलपाची एक किल्ली माझ्याकडं होती. नियम मोडला का? मोडला. माझ्या जागी कुणीही बाई असती तर तिनं मोडलाच असता.

कांचन खरात, फलटण. वय माझ्याहून थोडं जास्त.

चहा गार झाला होता. तो तसाच बेसिनमध्ये ओतला.

संध्याकाळी जेवायला बसलो. चारचौघांत मी संग्रामला 'अहो' म्हणते, दोघंच असलो की 'तू'. तेव्हा चौघं होतो.

"अहो, फलटणला जेवता कुठं?" मी पोळी वाढता वाढता विचारलं.

"कुठं म्हणजे? डेअरीच्या कँटीनला."

"काय असतं?"

"असतं काहीबाही. भाजी, आमटी."

"दही असतं?"

त्याला ठसका लागला. ठसका लागणारच, खाई त्याला खवखवे! पण मी चपापले ते आत्यांकडं बघून. त्यांचा पळीवरचा हात थांबला, त्यांनी माझ्याकडं बघितलं, लगेच आमटीत बघितलं, आणि संग्रामला पाण्याचा तांब्या सरकवला. म्हणजे सासूलाही माहीत आहे! मायलेकरं मिळून मला गंडवताहेत!

आबांना, माझ्या सासऱ्यांना, यातलं काही दिसलं नाही. आयुष्यभर एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा केलेला माणूस, घरातही तसाच बोलतो. "कँटीनचं दही खायचं न्हाई!" ते गरजले. "दही आपल्या घरचं. माझ्या आजीच्या हातचं विरजण आहे हे. धायगुड्यांनी विरजणासाठी कधी कुणाच्या दारात वाटी न्हाई पसरली." आणि वाटीतलं सगळं भातावर ओतून घेतलं.

माझी जेवणातली चव गेली. शेजारी बसलेला हा माणूस आठ वर्षं माझा होता, आणि आता मी त्याच्या शर्टाकडं, मोबाइलकडं, दाढी कशी केलीय त्याच्याकडं बघत होते. असलं बघणं मला स्वतःलाच आवडत नव्हतं. तरी बघत होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. नाव न घेता विचारलं, "मॅडम, दोन घरांची दही सारखी निघाली, तर कुणी कुणाला दिलं हे खात्रीनं सांगता येतं का?"

"मुळीच नाही," त्या म्हणाल्या. "जवळीक कळते, दिशा कळत नाही. रस्त्यात दोन सारख्या तोंडाच्या बायका दिसल्या, वय काही कळत नाहीये, तर यातली आई कोण आणि लेक कोण हे सांगशील तू?"

"मग आपल्या टेबलात 'आई' कशावरून लिहितो आपण?"

"ज्या घराची नोंद आधी, ती आई. मीटिंगमध्ये ठरलं होतं की. सध्यापुरतं."

आमच्या धंद्यात सध्यापुरतं म्हणजे जन्मभर. आणि आमच्या घराची नोंद पहिल्या दहा-बारांतली, कारण झाकण आलं तेव्हा करून बघायला ऑफिसातल्या सगळ्यांनी आपापल्या घरचं दही आणलं होतं. म्हणजे आमचं घर आई ठरलं ते केवळ मी इथं नोकरीला आहे म्हणून! कदाचित दही फलटणला गेलंच नसेल. फलटणहून आमच्याकडं आलं असेल.

"मग दिशा कळणारच नाही का कधी?"

"तिसरा, जुना नमुना मिळाला तर कळेल. त्यात नसलेल्या चुका कुणात आधी आल्या, कुणात नंतर, ते लावता येतं."

जुना नमुना होताच. मी पहिल्यांदा आणलेलं आमच्या घरचं दही ऑफिसच्या डीप फ्रीजरमध्ये गोठून पडलं होतं. तो वाचायला लावला आणि तिन्ही याद्या समोर घेतल्या. फलटणच्या दह्यात चुकांची एक अख्खी माळ होती, ती आमच्या जुन्या दह्यात नव्हती. आमच्या आजच्या दह्यात मात्र तीच माळ, वर एखाद-दुसरी नवी. म्हणजे आज आम्ही खातोय ते दही फलटणहून आलेलं. आबांच्या आजीचं विरजण कुणीतरी गुपचूप बदललं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ती माळ सोडली तर फलटणचं बाकी सगळं आमच्याच जुन्या विरजणाचं निघालं. माळेच्या लांबीवरून, ते तिकडं जाऊन नऊ-दहा वर्षं झालेली. म्हणजे आधी इथून तिकडं गेलं, माझ्या लग्नाच्याही आधी, आणि मग तिकडून इकडं परत आलं. हे प्रकरण माझ्या आधीपासूनचं होतं! मग मीच यात मधे आलेली दुसरी की काय?

इकडं मॅडम माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या आणि त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता. "अगं, बघितलंस का? आपल्याला हवा तो गुण जुन्यात नाहीये! फलटणच्याच घरात उपजलाय तो! आई बदल, आत्ता बदल. सोमवारी 'आई शोधा' सुरू होतंय, प्रत्येक घराला निरोप जाणार, तिथं चुकीचं जायला नको."

मी बदलायला गेले. आमच्या घराच्या 'आई' रकान्यात फलटण लिहिलं. लाल अक्षरं आली, 'चक्र होत आहे'. बरोबरच होतं. फलटण आमची लेक, मग आम्ही फलटणची लेक कशा होणार? म्हटलं, फलटण सोडवून बाजूला काढू. तर तिची आई म्हणून परत आमचंच घर लिहावं लागत होतं, कारण खरंच ती आमच्याकडून गेलेली. कसंही फिरवलं तरी आमचं घर आपलीच आजी होत होतं, आणि फ्रेमवर्क काही केल्या ऐकेना.

"हे जरा घरी बघते," मी मॅडमना म्हणाले. खोटं बोलले. गुरुवारी मी रजा टाकली आणि फलटणच्या एसटीत बसले.

घर सापडायला त्रास झाला नाही. मलठण भागात, पिठाच्या गिरणीच्या वर. जिना चढले आणि दाराबाहेर संग्रामचे बूट दिसले. डाव्या बुटाची नाडी मीच बदललेली. आता संशयाचं काही उरलंच नव्हतं, हातच्या काकणाला आरसा कशाला? पण हात बेलकडं जाईना. आत कुणीतरी त्याला वाढत होतं. "घे रे अजून, वाळलायस," असा आवाज आला आणि तो हसला. घरी इतक्यात तो असा हसल्याचं मला आठवत नव्हतं. मी दार ढकललं.

संग्राम जमिनीवर बसला होता, समोर ताट, ताटात दहीभात. मला बघून त्याचा घास हातातच राहिला. आणि स्वयंपाकघरातून वाटी घेऊन जी बाई आली तिच्याकडं बघून मी जे पाठ करून आले होते ते सगळं विसरले. तेच रुंद कपाळ, हनुवटीला तसाच खळगा, वाटीही तशीच पदरानं धरलेली. साक्षात आत्या, फक्त तरुण.

"नीलांबरी ना तू?" ती म्हणाली. "ये, आत ये. उन्हाची आलीस."

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"मी कांचन. ह्याची थोरली बहीण."

"ह्याची बहीण राहिली नाही," मी ठणकावून सांगितलं. "लग्नाच्या वेळी आत्यांनी मला स्वतः सांगितलंय. एक मुलगी होती, राहिली नाही."

"मग खरंच सांगितलं की आईनं," ती शांतपणे म्हणाली. "नाहीच राहिले मी तिथं."

माझ्या आईनं, माझ्या मावशीनं, आमच्या सगळ्या सोयऱ्यांनी ते वाक्य ऐकलं होतं आणि माना हलवून हळहळलेही होते. कुणी विचारलं नाही, राहिली नाही म्हणजे काय. मरणाबद्दल पुढं विचारायचं नसतं ना! आत्या एक अक्षर खोटं बोलल्या नव्हत्या.

मग वन्संनी सगळं सांगितलं. त्यांनी लग्न जातीबाहेर केलं. खरातांच्या घरचं पाणीसुद्धा मला चालणार नाही, असं आबांनी गावासमोर सांगितलं आणि जिवंत लेकीच्या नावानं आंघोळ केली. पुढं गाव सोडून सगळे साताऱ्याला आले, ते तोंड लपवायलाच. "निघताना काय घ्यावं सुचेना बघ," वन्सं म्हणाल्या. "दागिने घेतले असते तर चोर म्हणाले असते. विरजणाची वाटी उचलली आणि ओढणीखाली धरून निघाले. तेवढ्यानं कुणाचं काय जातंय, म्हटलं."

"आणि परत कसं आलं ते आमच्याकडं?"

संग्राम पहिल्यांदा बोलला. "गेल्या थंडीत घरचं विरजण गेलं. आबा एका घासात ओळखतात, बाहेरचं चालायचं नाही. आई म्हणाली, आपलंच आहे एका ठिकाणी, घेऊन ये."

"आणि हे मला का सांगितलं नाही?"

उत्तर वन्संनी दिलं, बिचकत बिचकत. "मीच म्हणत होते, सांग तिला. पण हा आणि आई नको म्हणाले. ती त्या झाकणवाल्यांकडं कामाला, तिच्या कंप्युटरात एकदा गेलं की आबांपर्यंत जायला किती वेळ, असं म्हणाले."

म्हणजे मी आठवडाभर ह्यांच्यावर संशय घेत होते, आणि ही माणसं कधीची माझ्यावर! मी त्या घरात भाकऱ्या थापल्या, आत्यांचे पाय चेपले, आबांच्या आजारपणात रात्री काढल्या, आणि तरी त्यांच्या लेखी मी झाकणवाल्यांची माणूस. मला रडू फुटलं. सवत निघाली असती तर एवढी रडले नसते.

वन्संनी पाठीवरून हात फिरवला. डोळे पुसल्यावर मी त्यांना त्यांच्या दह्यातल्या गुणाचं सांगितलं. कशामुळं तो उपजला कोण जाणे, कदाचित त्यांच्या गिरणीवरच्या उबेमुळं, पण उपजला त्यांच्याच हातात. "सोमवारी घरोघरी निरोप जातील," मी म्हणाले. "संमती नसेल तर नुसतं 'फलटणचं एक घर' असं दिसेल. तुमचं नाव दाखवू का? आबांच्या फोनवर जाईल ते."

त्यांनी भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "दाखव," त्या म्हणाल्या. "मी काय चोरी केलीय?"

येताना एसटीत संग्राम माझ्याशेजारी बसला. वाठार मागं पडलं. मग म्हणाला, "नीला, एक ऐक. तुझ्या त्या झाडात आत्ता काय लिहिलंय? दही आपल्याकडून तिच्याकडं गेलं, असंच ना?"

"हो. उलटं लिहिलंय."

"मग राहू दे ना उलटं. आबांचा मान राहील, आईचा जीव वाचेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि वन्संचं काय? त्यांच्या घरात जे उपजलं ते धायगुड्यांच्या नावावर घालू? आधी घरातून काढलंत, आता झाडातूनही काढायचं?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. आणि मी तुझ्यावर घेतला तो संशय माझा. पण तो घ्यायला जागा कुणी ठेवली, ते तू बघ."

शुक्रवारी ऑफिसात बसल्यावर चूक कुठं आहे ते दिसलं, आणि अशी साधी की स्वतःचाच राग आला. आम्ही प्रत्येक घराला एक ओळ दिली होती. जणू घर म्हणजेच विरजण. पण घर त्याच जागी राहतं आणि आतलं विरजण मरतं, नवीन येतं. आई असते ती विरजणाला, घराला नाही. मी आमच्या घराच्या दोन ओळी केल्या, धायगुडे जुनं आणि धायगुडे नवं. जुन्याच्या खाली खरात. खरातांच्या खाली आमचं नवं. फ्रेमवर्क एक शब्द बोललं नाही. फांदी सरळ खाली उतरली, आणि आमच्या घराकडं यायची वाट वन्संच्या घरातून गेली.

सोमवारी सकाळी न्याहारीला थालीपीठ होतं, आबांच्या ताटात दह्याची वाटी. त्यांचा फोन वाजला. चष्मा कपाळावरून खाली घेऊन ते मोठ्यानं वाचायला लागले, जशी गाडी फलाटावर लागल्याची घोषणा.

"नमस्कार. आपल्या घरच्या विरजणाची आई सापडली आहे. आई: खरात, फलटण. आजी: धायगुडे, सातारा."

आत्यांच्या हातातलं उलथनं खाली पडलं. संग्राम भिंतीकडं बघायला लागला. आबांनी ओठ हलवत पुन्हा वाचलं. मग फोन ठेवला आणि आत्यांना नाही, लेकाला नाही, मला विचारलं.

"सूनबाई, तू त्यातली जाणती. ह्यात चूक असती का?"

बाकीचे दोघं माझ्याकडं बघत होते. आत्यांनी तर हात जोडलेच होते, परातीच्या आड. असते आबा, कंप्युटरच तो, एवढं म्हटलं असतं की झालं. सगळे परत जेवायला लागले असते, आणि मी ह्या घरची झाले असते.

"आधी होती, आबा," मी म्हणाले. "आता नाही."

आबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मला वाटलं, आता ताट भिरकावतात. ते आत्यांवर ओरडले. "घरचं विरजण मोडलंस तू? माझ्या आजीचं? आन वर मला..."

"मी मोडलं?" आत्या उसळल्या. त्यांना तशा चढलेल्या आवाजात मी कधी ऐकलं नव्हतं. "मी मोतीबिंदूला दवाखान्यात पडलेले. त्या आठवड्यात दूध कुणी विरजलं? कढत दुधात घातलंत चमचा, पार मारून टाकलंत! तिनं न्हाई का संभाळलं एवढी वर्षं? ती हाय म्हणून तुमच्या आजीचं हाय, न्हाई तर कुठलं आलंय!"

तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं होतं, आत्यांनी गॅस बंद केला. आबा वाटीकडं बघत बसले. खाल्लं नाही, आणि बाजूलाही सारली नाही. शेवटी घसा खाकरून, मान वर न करता बोलले, आणि स्टँडवरचा तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"कांचनला म्हणावं, दूध कोमट घेत जा. कढत असलं की मरतं ते."